शाहरुख आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानाचं नाव घेतो: कॅडबरीच्या दिवाळी जाहिरातीचं पूर्ण प्रकरण

२०२१ च्या दिवाळीआधी कॅडबरी सेलिब्रेशन्सची एक जाहिरात आलेली, बऱ्याच जणांना आठवत असेल. शाहरुख खान कॅमेऱ्याकडे बघून सांगतोय की दिवाळीचे कपडे अमक्या दुकानातून घ्या, चपला-बूट तमक्याकडून घ्या, आणि ही दुकानं म्हणजे कुठले मोठे ब्रँड नव्हते, जो जाहिरात बघतोय त्याच्याच पिनकोडातली साधी दुकानं होती, त्यामुळे चार स्टॉप पुढे राहणाऱ्या माणसाला त्याच शाहरुखच्या तोंडून वेगळीच नावं ऐकू यायची. एवढी सगळी नावं शाहरुखने काही बसून उच्चारली नव्हती. चेहरा त्याचा, आवाज त्याचा, पण नाव घेताना ओठ हलवले ते मशीनने.

मी छोट्या दुकानदारांची सोशल मीडियाची कामं करते, आणि दसरा उरकला की कुणीतरी ही जाहिरात मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतंच, खाली लिहिलेलं असतं "ताई असं काहीतरी करून द्या ना". आता फोनमध्येच एआय आलंय त्यामुळे सगळ्यांना वाटतं हे सोपं आहे, आणि तांत्रिक बाजूने बघितलं तर खरंच सोपं झालंय. पण ती जाहिरात चालली ती दुकानदाराला स्वतःचं नाव मिळालं म्हणून, आणि एआय कामाला आलं ते एवढी नावं एका माणसाकडून वदवून घेणं शक्यच नव्हतं म्हणून. हे कळलं नाही की मग नुसता चकचकीतपणा हाती लागतो. म्हणून पूर्ण प्रकरण एकदा नीट लिहिते.

सुरुवात २०२० पासून करावी लागेल. आपल्याकडे गुढीपाडवा म्हणजे वर्षाचा पहिला मोठा सीझन, आणि २०२० चा पाडवा होता २५ मार्चला, म्हणजे देशभरचा लॉकडाऊन सुरू झाला नेमक्या त्या दिवशी. दुकानात माल भरलेला आणि शटर खाली. मागोमाग अक्षय्य तृतीया गेली, लग्नसराई गेली. कपडे, चपला, इलेक्ट्रॉनिक्स, भांडी, भेटवस्तू ही सगळी दुकानं बंद, आणि ह्याच काळात लोकांना ऑनलाइन मागवायची सवय लागली ती लागलीच. २०२१ मध्ये पाडवा १३ एप्रिलला आला आणि दुसऱ्याच दिवशी रात्रीपासून महाराष्ट्रात पुन्हा कडक निर्बंध. सलग दोन पाडवे असे हातचे गेलेला दुकानदार दिवाळीकडे कुठल्या नजरेने बघत असेल हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या बाजूला कॅडबरी, म्हणजे आताची माँडलीझ इंडिया. सेलिब्रेशन्सचा डबा हा रोज खायचा चॉकलेटचा माल नाहीच, तो द्यायला घेतला जातो, राखी आणि दिवाळी हेच त्याचे दिवस. आणि तो विकला जातो कुठे, तर बऱ्याच अंशी किराणा, जनरल स्टोअर्स, मिठाईवाले, मेडिकलवाले ह्यांच्याच काउंटरवर. दिवाळी बिघडली तर काय होतं हे ह्या कंपनीने महाराष्ट्रातच अनुभवलंय. ऑक्टोबर २००३ मध्ये राज्याच्या एफडीएला, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाला, डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या होत्या, ऐन दिवाळीच्या तोंडावर, आणि मग पॅकिंग बदलून २००४ च्या सुरुवातीला अमिताभ बच्चनना पुढे करून लोकांचा विश्वास परत मिळवावा लागला. तेव्हा छोट्या दुकानाचं भलं आणि कंपनीचं भलं इथे एकमेकांत गुंतलेलं आहे, हे आधीच लक्षात घेतलेलं बरं. कंपनीने हे नुसत्या परोपकारातून केलं असं कुणी म्हणू नये, आणि नुसता धंदा होता म्हणून ते खोटं होतं असंही नाही.

तर २०२० च्या दिवाळीला त्यांनी पहिला प्रयोग केला. घरातली माणसं एकमेकांना दिवाळीची भेट देतायत, आणि प्रत्येक भेट कुठून आणली ते सांगतायत, आणि त्या दुकानाचं नाव बघणाऱ्याच्या पिनकोडनुसार बदलतंय. जाहिरातीचं नावच होतं, ही नुसती कॅडबरीची जाहिरात नाही. मुंबई-पुण्यासकट काही मोठ्या शहरांत ती चालली आणि अठराशेच्या वर दुकानं त्यात आली. कल्पना उत्तम होती, पण त्यात एक मर्यादा राहिली, दुकानं कंपनीने निवडलेली होती. ज्याचं नाव यादीत आलं त्याची दिवाळी, बाकीचे बघत बसणार.

२०२१ मध्ये त्यांनी नेमकी हीच गाठ सोडवली. ओगिल्वी ह्या जाहिरात कंपनीच्या मुंबई ऑफिसने कल्पना केली, जाहिरात कुठे कशी दाखवायची ते मीडियाचं काम वेव्हमेकरने, आणि तंत्र होतं बेंगळुरूच्या रीफ्रेझ डॉट एआय ह्या स्टार्टअपचं. टीव्ही-यूट्यूबवर दिसणारी मोठी जाहिरात तर होतीच, पण सोबत एक वेबसाइट उघडून दिली. कुठल्याही दुकानदाराने तिथे जायचं, दुकानाचं नाव टाकायचं, कसलं दुकान आहे ते सांगायचं, आणि त्याच्यासाठी शाहरुखचा स्वतंत्र व्हिडिओ तयार होणार, ज्यात शाहरुख त्याच्या दुकानाचं नाव घेऊन सांगतोय की इथूनच खरेदी करा. फुकट. तो व्हिडिओ मग दुकानदाराने स्टेटसला ठेवावा, सोसायटीच्या ग्रुपवर टाकावा, फेसबुकवर टाकावा, त्याची मर्जी.

हे चालतं कसं ते जरा थांबून बघण्यासारखं आहे, कारण अनेकांना वाटतं की अख्खा शाहरुख कॉम्प्युटरने बनवला. तसं नाही. मूळ शूटिंग खऱ्या माणसाचंच असतं, कपडे, लाईट, हातवारे, नजर सगळं खरं. वाक्यात फक्त एक जागा मोकळी सोडलेली असते, नावाची. त्या जागेत दोन गोष्टी भराव्या लागतात. एक म्हणजे आवाज: त्या माणसाच्या रेकॉर्डिंगवर मॉडेल शिकवलेलं असतं, त्याला नाव लिहून दिलं की ते त्याच आवाजात म्हणून दाखवतं. दुसरी म्हणजे ओठ: जो आवाज तयार झाला त्याच्याशी जुळेल असा तोंडाभोवतीचा भाग फ्रेम फ्रेमने नव्याने काढला जातो आणि मूळ चेहऱ्यावर बसवला जातो, मग पुन्हा खरं फुटेज सुरू. असल्या व्हिडिओत कान देऊन ऐकलं तर नावाच्या आधी आणि नंतर एक बारीकशी शिवण लागते, आवाजातला श्वास किंचित तुटतो, हनुवटीजवळची दाढी क्षणभर गुळगुळीत वाटते. पण ऐकणारा तेव्हा स्वतःचं नाव ऐकत असतो, शिवण बघत नसतो!

आणि ह्यात लपवाछपवी नव्हती, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जाहिरातीच्या फिल्ममध्येच पुढे सरळ सांगितलेलं की मशीन लर्निंग वापरून शाहरुखचा चेहरा आणि आवाज पुन्हा तयार केलाय, आणि तुम्हीही तुमचा बनवू शकता. बघणाऱ्याला माहीत, दुकानदाराला माहीत, शाहरुखचा तर कंपनीशी करारच. सगळे मिळून एक खेळ खेळतायत आणि खेळ आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून मजा आली. कोपऱ्यावरचा मोबाईल रिपेअरिंगवाला आपला व्हिडिओ दाखवतो तेव्हा समोरचा फसत नाही, तो हसतो, आणि मग म्हणतो अरे मलाही दाखव कसं केलं.

सणासुदीला असा खेळ करायची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत ऑफिसमॅक्स नावाच्या स्टेशनरी दुकानांच्या साखळीने २००६ च्या ख्रिसमसला एक वेबसाइट काढली होती, त्यात आपला फोटो टाकायचा, आणि आपलं डोकं सांताक्लॉजच्या मदतनीस बुटक्यांच्या अंगावर चिकटून नाचायला लागायचं. त्यात एआय वगैरे काही नव्हतं, नुसता कापून लावलेला चेहरा, आणि तो खोटा आहे हे दहा फुटांवरून कळायचं. तरी लोकांनी ते वेड्यासारखं एकमेकांना पाठवलं, वर्षानुवर्षं पाठवलं. कारण त्यात नाचणारे आपण होतो, आपला बॉस होता, आपली मावशी होती. कॅडबरीवाल्यांनी तीच नस पकडली, फक्त चेहऱ्याच्या जागी दुकानाचं नाव आलं.

आपल्याकडे तर नावाची ही हौस अजून खोल आहे. दिवाळी अंकांची मागची पानं उघडून बघा. १९०९ मध्ये मनोरंजन मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आजवर, आणि विशेषतः तालुक्याच्या गावातून निघणाऱ्या अंकांत, पाव पान, अर्धं पान, "शुभेच्छुक" म्हणून दुकानाचं नाव, प्रोप्रायटरचं नाव, बस. सवलत नाही, मालाची यादी नाही. त्या जाहिरातीने किती गिऱ्हाईक आलं हे कुणी मोजत नाही, पण पुढच्या वर्षी पैसे देतातच. गावातल्या लोकांनी अंक हातात घेतला की आपलं नाव दिसलं पाहिजे. गणपती मंडळाच्या कमानीवर, जत्रेच्या पत्रिकेवर, लोकल केबलच्या पट्टीवर, सगळीकडे हेच. ज्या माणसाने आयुष्यभर फ्लेक्स, पॅम्फ्लेट आणि रिक्षावरचा भोंगा ह्यापलीकडे जाहिरात केली नाही, त्याच्या दुकानाचं नाव देशातला सगळ्यात महाग चेहरा घेतोय, हे त्याला काय वाटलं असेल? ज्याची एका दिवसाची फी त्याच्या अख्ख्या दुकानातल्या मालापेक्षा कैकपट जास्त, तो.

आता आकडे. कंपनीच्या केस फिल्मप्रमाणे, म्हणजे मोहिमेची हकीकत सांगणाऱ्या त्यांच्याच फिल्मप्रमाणे, दुकानदारांनी १,३०,००० च्या आसपास जाहिराती बनवून घेतल्या आणि सेलिब्रेशन्सच्या धंद्यात ३५ टक्के वाढ झाली. कान लायन्स ह्या जाहिरातींच्या मोठ्या पुरस्कार सोहळ्यात २०२२ मध्ये टायटॅनियम लायन मिळाला, २०२३ मध्ये क्रिएटिव्ह इफेक्टिव्हनेसचा ग्रां प्री, म्हणजे त्या गटातलं सर्वोच्च बक्षीस. बक्षिसं पूर्ण हक्काची आहेत असं माझं मत आहे. पण आकडे वाचताना दोन गोष्टी डोक्यात ठेवाव्या. एक, २०२१ ची दिवाळी ही दुसऱ्या लाटेनंतरची, लोक दोन वर्षांनी मोकळेपणाने बाहेर पडलेले, तेव्हा वाढ सगळीच्या सगळी जाहिरातीच्या खात्यावर मांडता येणार नाही. आणि दोन, तो ३५ टक्क्यांचा आकडा चॉकलेटच्या डब्यांचा आहे, दुकानदाराच्या गल्ल्याचा नाही. एखाद्या चपलांच्या दुकानात त्या व्हिडिओमुळे किती जोड जास्त विकले गेले हा प्रश्न वेगळा, आणि खरं म्हणजे "असं करून द्या" म्हणणाऱ्या माझ्या दुकानदारांसाठी तोच प्रश्न महत्त्वाचा आहे. माझ्या अनुभवात असला व्हिडिओ गिऱ्हाईक ओढून आणत नाही, पण ओळखीच्या लोकांत दोन दिवस दुकानाची चर्चा होते, आणि त्या दोन दिवसांत दुकानात काय मांडलंय, काय भाव आहे ह्यावर पुढचं ठरतं.

एक अजून, २०२२ च्या दिवाळीला त्यांनी हीच दिशा पुढे नेली आणि ज्यांना दुकानच नाही अशा फेरीवाल्यांसाठी, डब्यावरचा कोड स्कॅन केला की जवळच्या फेरीवाल्यांची ऑनलाइन दुकानं दिसतील, अशी सोय केली. तेव्हा चेहऱ्याची जादू नव्हती तरी धागा तोच होता, जाहिरातीची जागा दुसऱ्याला देणं. मला ते फार आवडलं.

आता ह्याच्या शेजारी कोका-कोला ठेवून बघा. त्यांची १९९५ ची ख्रिसमसची जाहिरात, बर्फातून येणारे लाल ट्रक, दिव्यांनी लखलखलेले, ती तिकडच्या लोकांच्या बालपणाचा भाग आहे, ट्रक दिसले म्हणजे नाताळ आला. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने तीच जाहिरात एआयने पुन्हा बनवली, तीन स्टुडिओंकडून तीन आवृत्त्या. लोक भडकले. ट्रकची चाकं फिरतायत की नुसती घसरतायत कळत नाही, माणसांचे चेहरे मेणाचे वाटतात, आणि चित्रकार-ॲनिमेटर लोकांचा राग तर वेगळाच. २०२५ ला पुन्हा एआयनेच बनवली, ह्यावेळी माणसं काढून प्राणी घातले, सत्तर हजारांच्या आसपास क्लिप्स तयार करून त्यातून निवडल्या, तरी एका शॉटमध्ये ट्रकला जेवढी चाकं तेवढी पुढच्या शॉटमध्ये नाहीत हे लोकांनी शोधून काढलंच. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये मॅकडोनाल्ड्सच्या नेदरलँड्समधल्या कंपनीने एआयने बनवलेली ख्रिसमसची जाहिरात टाकली आणि टीका एवढी झाली की काढून घ्यावी लागली.

पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कोकची २०२४ ची जाहिरात सिस्टम वन ह्या जाहिराती तपासणाऱ्या कंपनीने साध्या प्रेक्षकांना दाखवली तेव्हा तिला सर्वात वरचे ५.९ स्टार मिळाले. म्हणजे ऑनलाइन ओरडणारे आणि घरात टीव्ही बघणारे ह्यांत फरक आहे. सामान्य माणसाला ट्रक दिसले, गाणं ऐकू आलं, बरं वाटलं. मग ती वाईट का? माझ्या मते ती वाईट दिसते म्हणून नाही. खऱ्या ट्रकवर जे आधीच सुंदर केलेलं होतं तेच पुन्हा मशीनकडून करून घेतलं, आणि बघणाऱ्याला त्यातून नवं काहीच मिळालं नाही. पैसे वाचले ते कंपनीचे. कॅडबरीत एआयने जे केलं ते माणसांकडून होणारच नव्हतं, शाहरुखला वर्षभर स्टुडिओत बसवला असता तरी लाखभर दुकानांची नावं झाली नसती, आणि त्याचा फायदा ज्याच्याकडे जाहिरातीला पैसा नाही अशा माणसाकडे गेला. वाईट एआय आणि चांगलं एआय असं मी वेगळं करत नाही. मी एवढंच बघते की हे वापरून कुणाच्या हातात काय पडलं.

मोकळी सोडलेली जागा हीच ह्या प्रकाराची ताकद आहे आणि धोकाही तिथेच आहे, हे झोमॅटोच्या प्रकरणात दिसलं. ऑगस्ट २०२२ मध्ये हृतिक रोशनची त्यांची जाहिरात चालू होती, कल्पना ह्याच जातीची, शहर बदललं की पदार्थ आणि हॉटेलचं नाव बदलणार. उज्जैनच्या आवृत्तीत आलं की थाळी खावीशी वाटली आणि महाकालहून मागवली. महाकाल हे तिथल्या एका रेस्टॉरंटचं नाव. पण उज्जैनमध्ये महाकाल म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यासमोर काय येतं? महाकालेश्वराच्या पुजाऱ्यांनी आक्षेप घेतला, की मंदिराचा प्रसाद असा विकायला नाही, आणि कंपनीने खुलासा करून माफी मागितली, जाहिरात काढली. प्रत्येक नाव स्वतंत्रपणे बरोबर, प्रत्येक वाक्य व्याकरणाने बरोबर, आणि तरी घोटाळा. यादीतून नावं ओतणाऱ्या मशीनला हे कळत नाही, त्या गावातल्या एका माणसाने एकदा ऐकलं असतं तर त्याने लगेच हात वर केला असता. म्हणून मी तरी असं काही बनवलं की पाठवायच्या आधी सगळं ऐकते, कितीही कंटाळवाणं असलं तरी.

२०२१ नंतर वारंही बदललंय. तेव्हा लोकांना मशीनचा शाहरुख बघून गंमत वाटली, कारण तोवर डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेला खोटा चेहरा-आवाज, हा शब्द आपल्या घरात यायचा होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदानाचा खोटा व्हिडिओ फिरला आणि सगळ्यांना त्याची काळी बाजू दिसली. मग कोर्टाचे आदेश यायला लागले. अनिल कपूरच्या बाजूने दिल्ली हायकोर्टाने २०२३ मध्ये, अरिजित सिंगच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या एआय टूल्सविरुद्ध मुंबई हायकोर्टाने २०२४ मध्ये, आणि २०२५ मध्ये आशाताईंच्या, म्हणजे आशा भोसले यांच्या आवाजाबद्दलही मुंबई हायकोर्टानेच. सगळ्यांचा अर्थ एकच, चेहरा आणि आवाज ही त्या माणसाची मालमत्ता आहे, विचारल्याशिवाय वापरायची नाही. फेब्रुवारी २०२६ पासून तर आयटी नियमांतच आलंय की असं कृत्रिमरीत्या बनवलेलं दृश्य किंवा आवाज असेल तर त्यावर तसं लेबल हवं, आणि मोठ्या प्लॅटफॉर्मवर टाकताना टाकणाऱ्याने तसं जाहीर करायला हवं. रीफ्रेझला तर २०२३ च्या शेवटी अडोबीने विकत घेतलं, म्हणजे जे तंत्र तेव्हा एका स्टार्टअपकडे होतं ते आता मोठ्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या घरात आहे.

ह्या सीझनला एका साडीवाल्या काकांनी मला विचारलं, "ताई, शाहरुखकडून आपल्या दुकानाचं नाव घेऊन देतं असं ॲप आहे म्हणे, टाकूया का?" मी नाही म्हटलं आणि का ते समजावलं. कॅडबरीच्या वेळी शाहरुखने परवानगी दिलेली, पैसे कंपनीने मोजलेले. आपण टाकला तर तो चोरलेला चेहरा. काकांना ते पटायला वेळ लागला, कारण त्यांच्या दृष्टीने दोन्ही व्हिडिओ सारखेच दिसतात, आणि खरंच सारखेच दिसतात, फरक सगळा कागदावर आहे. मग मी म्हटलं, शाहरुख कशाला हवाय, तुमच्या गिऱ्हाइकाला तुमचा चेहरा ओळखीचा आहे, तीस वर्षं तुम्ही गादीवर बसून साड्या उलगडून दाखवताय, आपण तुमचाच व्हिडिओ करू.

आणि केलं ते असं. काकांचं खरं शूटिंग घेतलं, दुकानातच, मागे साड्यांच्या थप्प्या, आणि वाक्यात नावाची जागा मोकळी. त्यांच्या आवाजाचा नमुना त्यांच्याच लेखी परवानगीने घेतला आणि जुन्या गिऱ्हाइकांची नावं त्या आवाजात भरली, "सुनंदावहिनी, यंदाही पाडव्याची साडी आपल्याकडूनच हां", असं. खाली बारीक अक्षरात लिहिलं, आवाजातलं नाव एआयने घातलंय. ज्यांनी दुकानाकडून मेसेज यायला हरकत नाही असं आधी सांगितलेलं त्यांनाच पाठवलं. ह्यात सगळ्यात जास्त वेळ कशात गेला तर उच्चारात. ही टूल्स मराठी बोलतात असं लिहिलेलं असतं पण बरीचशी हिंदीच्या अंगाने बोलतात, त्यामुळे काळेवहिनींच्या काले होतात, धुमाळांचे धुमाल होतात, चव्हाणांचा च कधी चाकूतला लागतो कधी चहातला, आणि नाव इंग्रजी अक्षरांत टाकलं तर काळे, काले, केल ह्यातलं काहीही येऊ शकतं. देवनागरीत लिहून, तोडून, पुन्हा ऐकून एकेक नाव पक्कं करावं लागलं, आणि जिथे ळ काही केल्या येईना तिथे काकांनी ते नाव स्वतःच म्हटलं. ज्या व्हिडिओचा सगळा जीव नावात आहे त्यात नावच चुकलं तर तो न पाठवलेला बरा.

चित्रांच्या बाबतीत माझा एकच नियम आहे आणि तो मी कुणासाठीही मोडत नाही, माल खरा. आजूबाजूला काय वाट्टेल ते करा, दुकानावर आकाशकंदिलांचा पाऊस पाडा, पणत्या स्वतःहून रांगेत चालत येऊ द्या, दुकानाची मांजर लक्ष्मीपूजनाला फेटा बांधून बसू द्या, मुलांना ते फार आवडतं आणि तेच फॉरवर्ड होतं. पण पैठणीचा पदर एआयकडून काढून घेतला की लांबून झकास दिसतो, जवळ जाऊन बघा, मोराला दोन माना असतात, काठातलं नारळी नक्षीकाम मध्येच विरघळतं, आणि बुट्टी एकीसारखी दुसरी नसते. पैठणी घेणाऱ्या बायका फोटो मोठा करूनच बघतात. शिवाय जे दाखवलं ते दुकानात नाही निघालं तर ती दिशाभूल करणारी जाहिरात झाली, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्याच वेळी दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. फराळवाल्यांचंही तेच, एआयच्या चकलीला काटे सुरेख असतात पण वेढे कुठून सुरू होऊन कुठे संपतात पत्ता नाही, आणि करंजीची मुरड कुणी हाताने घातली असेल असं वाटतच नाही. आणि लक्ष्मीचं चित्र मशीनकडून मुळीच काढून घेऊ नका. हात किती, बोटं किती, हातातलं कमळ कुठे गेलं, काहीही चुकू शकतं आणि लोकांना ते दुखतं, दुखायलाच पाहिजे. "शुभ दीपावली" हे चार शब्दांचंही नाही, पण चित्रातच लिहून मागितलं तर जोडाक्षरं अजूनही बऱ्याचदा मोडतात, म्हणून अक्षरं नेहमी नंतर वेगळी टाकायची, आपल्या हाताने, दी दीर्घ.

काकांचे व्हिडिओ वसुबारसेच्या चार दिवस आधीपासून थोडेथोडे पाठवले, सगळे एकदम नाही, म्हणजे येणाऱ्या माणसाकडे बघायला दुकानात वेळ राहतो. ज्यांना गेला त्यातल्या काही जणी दुकानात येऊन फोन दाखवत होत्या, आणि एका आजींनी काकांना झापलं की माझं नाव घेतलंस पण सुनेचं राहिलं, मग तिचाही करून दिला. पुढच्या वर्षी वसुबारसेऐवजी दसऱ्याच्या आधी करायचं ठरलंय, कारण ज्यांना बोनस मिळतो त्यांची मोठी खरेदी दिवाळीच्या आठवड्याआधीच उरकलेली असते, आणि ब्लाउज शिवायला शिंपी त्यानंतर माप घेत नाही.